समाजाकडे बघायचे तीन दृष्टिकोन, मग खरा कुठला?

या वेळी समाजशास्त्रावरच्या प्रश्नांचा ढीगच आलाय, परीक्षा जवळ आल्यात बहुतेक. सगळे घेणं शक्य नाही, एकसारखे होते ते एकत्र केलेत. नाव छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून नावं गाळलीत.

प्रश्न: मॅडम, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे तिन्ही मला पाठ आहेत, प्रत्येकाचे चार मुद्दे आणि दोन टीका. पण आमचे सर म्हणतात तिन्ही आपापल्या जागी बरोबर, हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीसारखं, कुणाच्या हाताला सोंड लागली कुणाच्या शेपूट. मग सगळेच बरोबर असतील तर भांडण कशाचं? आणि मला एकच निवडायचा असेल तर कुठला निवडू?

उत्तर: सरांचं उत्तर पेपरात मार्क मिळवायला ठीक आहे रे, पण मला ती पळवाट वाटते. हत्तीच्या गोष्टीत जो गोष्ट सांगतो त्याला अख्खा हत्ती दिसत असतो, म्हणून तर त्याला आंधळ्यांचं हसू येतं. समाजाच्या बाबतीत असा बाहेर उभा राहून बघणारा कुणी नाहीच, सगळे आतलेच. आणि दुसरं म्हणजे सोंड आणि शेपूट दोन्ही एका वेळी खरी असू शकतात, पण "पगारातली तफावत समाजाच्या गरजेतून आलीय" आणि "ही तफावत ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलीय" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी शंभर टक्के खरी कशी असतील? तिथे कुणीतरी चुकतंय, निदान काही प्रमाणात, आणि ते पुरावा बघूनच ठरवावं लागतं.

आधी तिघं काय विचारतात ते पटकन बघून घेऊ. प्रकार्यवादी विचारतो, ही गोष्ट इतकी वर्षं टिकलीय म्हणजे ती समाजासाठी काहीतरी काम करत असणार, ते काम कुठलं? संघर्षवादी विचारतो, यात फायदा कुणाचा, झळ कुणाला बसते आणि हे असंच चालू राहावं म्हणून जोर कोण लावतंय? आंतरक्रियावादी विचारतो, समोरासमोर आलेली माणसं या गोष्टीचा काय अर्थ लावतात आणि तो अर्थ त्यांच्यात तयार कसा झाला? एवढं डोक्यात पक्कं बसलं की चार मुद्दे आणि दोन टीका पाठ करायची गरज राहत नाही, आपोआप सुचतात.

आता भांडण नेमकं कुठे होतं ते एकाच ठिकाणी थांबून बघ. 1897 साली एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्महत्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. विषय मुद्दाम असा घेतला की जो सगळ्यात खाजगी वाटतो, म्हणजे माणसाचं मन, त्याचं दुःख, तिथे समाजाचा काय संबंध असंच कुणीही म्हणेल. दुर्खीमने एकेका माणसाची कहाणी बाजूला ठेवली आणि युरोपातल्या देशांचे सरकारी आकडे घेतले, आणि त्यात दिसलं की प्रत्येक देशाचा दर वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो, प्रोटेस्टंट लोकांत कॅथलिकांपेक्षा दर जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, युद्धाच्या काळात कमी होतो, आर्थिक पडझडीत वाढतो, इथपर्यंत ठीक, पण अचानक भरभराट आली तरीही वाढतो! म्हणजे नुसती गरिबी हे कारण होऊच शकत नाही. त्याचं म्हणणं असं की माणूस गटाशी किती बांधलेला आहे आणि त्याच्या इच्छांना समाजाचे नियम किती आवर घालतात यावर हे ठरतं, नियमच सैल पडले की माणूस भरकटतो, याला तो ॲनॉमी म्हणतो. प्रकार्यवादाचा हा कणा समज, समाज एकत्र बांधून ठेवणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या ढिल्या झाल्या की त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात.

मग 1967 मध्ये जॅक डग्लस हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ उभा राहिला आणि एकदम साधा प्रश्न विचारला की हे आकडे आले कुठून? मृत्यू झाल्यावर तो अपघात, आजार की आत्महत्या हे कागदावर कुणीतरी माणूसच लिहितो ना, आणि लिहिण्याआधी घरच्यांशी बोलतो, मागे काय सापडलं ते बघतो, स्वतःच्या डोक्यातली "असं करणारा माणूस साधारण कसा असतो" ही कल्पना लावून बघतो. पुढे 1978 मध्ये मॅक्सवेल ॲटकिन्सनने इंग्लंडमधल्या अशा मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांचंच काम जवळून बघून हाच मुद्दा लावून धरला. डग्लसचा टोला तर थेट दुर्खीमच्या मर्मावर होता, जो समाजगट घट्ट बांधलेला असतो तिथे असा मृत्यू लपवण्याचा दबावही जास्त असतो, मग दर कमी दिसतो तो एकोप्यामुळे की लपवाछपवीमुळे?

इथे "दोघंही आपापल्या जागी बरोबर" असं म्हणून चालत नाही. एकतर नोंदींतल्या गोंधळाने दुर्खीमचे निष्कर्ष कोसळतात किंवा कोसळत नाहीत. 1986 मध्ये पेस्कोसोलिडो आणि मेंडेलसन या दोघांनी अमेरिकेतल्या आकड्यांवर हे तपासून बघितलं, नोंद करणारी यंत्रणा कशी आहे तेही हिशोबात धरलं, आणि निघालं असं की नोंदी चुकतात हे खरं, पद्धतशीर चुकतात हेही खरं, पण समाजशास्त्रज्ञ जे सामाजिक घटक तपासतात त्यांच्या परिणामावर त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे डग्लसचा प्रश्न शंभर नंबरी होता पण दुर्खीमची इमारत त्याने पडली नाही. दृष्टिकोन एकमेकांना भिडले, मग कुणीतरी बसून आकडे तपासले, शास्त्र असंच पुढे सरकतं.

तेव्हा निवडायचंच असेल तर टीम निवडल्यासारखं निवडू नकोस. तुझा प्रश्न काय आहे ते बघ. माझा स्वतःचा कल विचारशील तर कुठल्याही संस्थेकडे बघताना मी आधी संघर्षवाद्याचा प्रश्न विचारते आणि कुठलाही आकडा समोर आला की आंतरक्रियावाद्याचा. प्रकार्यवाद मला तिसऱ्या नंबरला आठवतो, पण एखादी गोष्ट सगळ्यांनी शिव्या घालूनही वर्षानुवर्षं जात का नाही हे कळेनासं झालं की त्याच्याशिवाय पान हलत नाही.

प्रश्न: मी समाजशास्त्राचा विद्यार्थी नाही, निवृत्त आहे, आवड म्हणून वाचतो. प्रकार्यवाद वाचताना मला राग येतो. प्रत्येक गोष्टीचा समाजाला उपयोग असतो म्हणे. मग गरिबीचाही उपयोग आहे का? हे म्हणजे जे आहे ते चांगलंच आहे असं सांगणं झालं.

उत्तर: तुमचा राग अगदी बरोबर जागी आहे काका, आणि तुमच्या आधी बऱ्याच जणांना तो आलाय. सगळ्यात जास्त गाजलेलं उदाहरण सांगते. 1945 साली किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी लेख लिहिला, त्याचा मथितार्थ असा की काही कामं समाजासाठी जास्त महत्त्वाची असतात, ती करायला लागणारं कौशल्य थोड्यांकडेच असतं आणि ते शिकायला वर्षानुवर्षं खपावं लागतं, मग लोकांनी एवढा त्रास घ्यावा म्हणून त्या जागांना पैसा आणि मान जास्त द्यावा लागतो. म्हणून उच्चनीचता सगळ्या समाजांत आहे, आणि ती लागतेच.

ऐकायला पटतं ना? 1953 मध्ये मेल्विन ट्युमिनने एकेक खिळा उपटला. पहिलं, महत्त्वाचं काम कुठलं हे ठरवणार कसं? कारखान्यातले सगळे इंजिनियर ठेवले आणि सगळे कामगार काढून टाकले तर कारखाना चालेल का? जास्त पगार मिळतो म्हणून काम महत्त्वाचं आणि महत्त्वाचं म्हणून पगार जास्त, हे गोल गोल फिरणं झालं. दुसरं, थोड्यांकडेच कौशल्य असतं म्हणता, पण शिकायची संधीच थोड्यांना मिळाली असेल तर बाकीच्यांत किती गुण होते हे कळणार कसं, म्हणजे जी उच्चनीचता गुणवान माणसं शोधण्यासाठी आहे म्हणता तीच गुणवान माणसं गाळून टाकतेय. तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, शिकताना जो त्याग करावा लागतो त्याची भरपाई म्हणून मोठा पगार, असं असेल तर तो त्याग बहुतेक वेळा आईबापांनी केलेला असतो, आणि तो त्यांना परवडतो कारण ते स्वतः वरच्या पायरीवर असतात. डेव्हिस-मूरनी त्यावर उत्तरं दिली, वाद पुढे बरीच वर्षं चालला, पण माझ्या मते सामना ट्युमिननेच जिंकला.

आता तुमचा गरिबीचा प्रश्न. हर्बर्ट गॅन्सने 1972 मध्ये नेमकं हेच केलं, गरिबीचे "उपयोग" मांडणारा लेख लिहिला, तोही गंभीर चेहऱ्याने. घाण, धोक्याची, कमी पैशाची कामं करायला माणसं मिळतात. गरिबांवर लक्ष ठेवणाऱ्या आणि त्यांची सेवा करणाऱ्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या त्यावर चालतात. इतरांना नको झालेला जुना, उतरता माल खपतो. शहरं वाढताना, बदल होताना जो फटका बसतो तो झेलायला कुणीतरी खालचं असतं. यादी लांबत जाते आणि वाचता वाचता अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक मुद्द्यापुढे मनात एकच शब्द उमटतो, कुणासाठी? उपयोग आहे, पण कुणासाठी? आणि गॅन्सला नेमकं तेच म्हणायचं होतं, ही कामं दुसऱ्या मार्गानेही होऊ शकतात पण तो मार्ग सुखवस्तू लोकांना महाग पडतो, म्हणून गरिबी टिकते.

बघा गंमत, हत्यार प्रकार्यवादाचं, वापरलं संघर्षवाद्यासारखं. याची सोय रॉबर्ट मर्टनने आधीच करून ठेवली होती, तो स्वतः प्रकार्यवादी, पण त्याने सांगितलं की सगळंच उपयोगी असतं असं धरून चालू नका, अपकार्यही असतं, एका गटाला उपयोगी तेच दुसऱ्याला मारक असू शकतं. शिवाय प्रकट आणि सुप्त प्रकार्य असा फरकही त्याने केला, संस्था जे करते असं सांगते ते वेगळं आणि कुणी न ठरवता जे होऊन जातं ते वेगळं. प्रकार्यवादावर चिडायचं असेल तर टॅलकॉट पार्सन्स या दुसऱ्या बड्या प्रकार्यवाद्यावर चिडा, मर्टनला सोडा.

प्रश्न: ताई, मी गृहिणी आहे, मुलीच्या अभ्यासाच्या पुस्तकातून हे वाचलं. कामगार आहेत, मालक आहेत, डॉक्टर-रुग्ण आहेत, गुन्हेगारसुद्धा आहेत. मी दिवसभर जे करते ते यांच्यापैकी कुणाच्या दृष्टिकोनात बसतं?

उत्तर: खूप वर्षं कुणाच्याच नाही, हे खरं उत्तर आहे ताई. म्हणजे घर होतं, पण कुटुंब या धड्यात होतं, काम या धड्यात नाही. पार्सन्सने 1955 च्या सुमारास सरळ वाटणी करून टाकली, पुरुष बाहेरच्या जगाशी झुंजणारा आणि बाई भावना सांभाळणारी, आणि ही वाटणी कुटुंबासाठी सोयीची म्हणून झाली. भांडी कोण घासणार हा प्रश्न "भावना सांभाळणे" यात कुठे जातो ते मला आजवर कळलेलं नाही. मार्क्सने कारखान्यातल्या तासांचा इतका बारीक हिशोब केला, पण तो कामगार रात्री घरी गेला आणि सकाळी पुन्हा ताजातवाना होऊन आला तो कुणाच्या श्रमावर, हा हिशोब पुढे स्त्रीवादी अभ्यासकांना मांडावा लागला.

तुम्ही ॲन ओकली हे नाव लिहून ठेवा. तिने लंडनमधल्या 40 गृहिणींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि 1974 मध्ये त्या अभ्यासाचं पुस्तक आलं. तिने केलं काय, तर कामगारांना जे प्रश्न विचारतात तेच घरकामाला लावले. किती तास? कंटाळा येतो का? काम तुकड्या-तुकड्यांत होतं का, घाई असते का, कामाची पद्धत ठरवायची मुभा आहे का? आठवड्याला सरासरी 77 तास निघाले. आणि एकसुरीपणा, तुटकपणा, घाई या तिन्ही बाबतींत गृहिणींची तक्रार कारखान्यातल्या कामगारांपेक्षा जास्त निघाली. कामाबद्दल बऱ्याच जणी नाराज होत्या, पण "गृहिणी" या भूमिकेशी मात्र घट्ट जोडलेल्या होत्या, हा गुंता ओकलीने लपवला नाही, म्हणून मला ती जास्त विश्वासार्ह वाटते.

डोरोथी स्मिथ ही कॅनडातली समाजशास्त्रज्ञ आणखी एक पाऊल पुढे गेली, तिचं म्हणणं असं की समाजशास्त्राचे प्रश्नच अशा माणसांनी तयार केलेत ज्यांचं जेवण, कपडे, मुलं हे सगळं दुसरं कुणीतरी बघत होतं, म्हणून ते त्यांना दिसलंच नाही, तेव्हा सुरुवात बाईच्या रोजच्या अनुभवापासून करा आणि तिथून वर सत्तेपर्यंत जा. मुलीच्या पुस्तकात स्त्रीवादी दृष्टिकोन शेवटी दोन परिच्छेदांत उरकला असेल तर तो तिला जरा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. बाकी दोन कळतात पण प्रतीकात्मक आंतरक्रियावाद डोक्यावरून जातो. माणसं एकमेकांशी बोलतात, अर्थ लावतात, हे तर सगळ्यांनाच माहितीय, यात थिअरी काय?

उत्तर: हा आक्षेप बरेच जण घेतात, आणि थोडा दोष पुस्तकांचा आहे, कारण ती मीड, कूली, ब्लूमर अशी नावं आणि व्याख्या देऊन मोकळी होतात. जॉर्ज हर्बर्ट मीडने तर हयातीत या विषयावर पुस्तकच लिहिलं नाही, 1931 मध्ये तो गेला, मग त्याच्या शिकागोतल्या लेक्चरच्या नोट्स एकत्र करून 1934 मध्ये पुस्तक निघालं, आणि या विचाराला नाव दिलं ते ब्लूमरने 1937 मध्ये.

थिअरी कुठे आहे ते सांगण्यापेक्षा दाखवते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटांवर एका छोट्या हॉटेलात बराच काळ राहून निरीक्षण केलं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या मधे एक दार. दाराच्या या बाजूला पाहुण्यांसमोर टापटीप, अदब, आणि दाराच्या त्या बाजूला सूपवर आलेली बुरशी, पाहुण्यांनी अर्धवट वापरलेल्या लोण्याच्या वड्या पुन्हा वळून ताज्या दिसतील अशा करून बाहेर पाठवणं. आता त्या दारावरूनच खेचाखेच, मॅनेजरना वाटे ते बंद असावं म्हणजे आतलं बाहेर दिसणार नाही, आणि हातात जड ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या मुलींना ते उघडं हवं. एका दारात रंगमंचाचा पुढचा आणि मागचा भाग, सत्ता, काम, प्रतिष्ठा सगळं आलं. "माणसं एकमेकांशी बोलतात" यापेक्षा हे बरंच जास्त आहे, हे सांगतंय की समोर दिसणारी वास्तवता टिकवायला माणसं सतत मिळून राबत असतात आणि ती कुठल्या क्षणी फुटेल याची त्यांना धास्ती असते.

दुसरी गोष्ट परिणामांची. विल्यम थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी 1928 मध्ये मांडलं की लोकांनी एखादी परिस्थिती खरी मानली तर तिचे परिणाम खरेच होतात. मर्टनने 1948 मध्ये यावर बँकेचं उदाहरण दिलं, बँक ठणठणीत आहे, पण बुडणार अशी अफवा उठते, लोक पैसे काढायला धावतात आणि त्या धावण्यानेच ती बुडते. अफवा खोटी होती, पण बुडणं खरं. शाळेतलंही आहे, 1968 मध्ये रोझेंथल आणि जेकबसन यांचा कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध झाला, साधारण 20 टक्के मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही मुलं यंदा चमकणार, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात त्या मुलांची प्रगती खरंच जास्त नोंदली गेली. या प्रयोगाच्या पद्धतीवर आणि आकड्यांवर भरपूर टीका झालीय, वरच्या वर्गांत परिणाम नीट दिसलाही नाही, तेव्हा उत्तरपत्रिकेत तो ब्रह्मवाक्य म्हणून लिहू नका, पण टीकेसकट लिहिलात तर परीक्षकाला कळेल की तुम्ही गाइड नाही वाचलंय.

मर्यादा कुठली लिहायची हे विचारणारच तुम्ही. हॉटेलातल्या मुलींना ती नोकरी का करावी लागली, पगार कोण ठरवतं, बेटावर दुसरं काम आहे का, हे दारापाशी उभं राहून दिसत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं आणि तिथे बाकीचे दोघं कामाला येतात.

प्रश्न: वेबरला कुठल्या खणात टाकायचं? आणि पार्सन्स वाचायलाच हवा का?

उत्तर: मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ कुठल्याच खणात मावत नाही. संघर्षवादात घेतात कारण सत्तेवर त्याने भरपूर लिहिलंय, पण मार्क्ससारखं सगळं मालमत्तेवर न आणता वर्ग, दर्जा आणि पक्ष असे तीन वेगळे धागे केले, म्हणजे पैसा नसूनही मान असू शकतो आणि मान नसून सत्ता. दुसरीकडे माणूस आपल्या कृतीला काय अर्थ देतो ते समजून घ्या हा त्याचा आग्रह, तो आंतरक्रियावादाच्या जवळचा. पेपरात संघर्षवादाखाली लिहा आणि एक ओळ ही टाका.

पार्सन्सबद्दल, सी. राइट मिल्सने 1959 मध्ये त्याचे लांबलचक उतारे घेऊन तेच चार सरळ ओळींत सांगून दाखवले आणि वर म्हणाला की पार्सन्सचं 'द सोशल सिस्टिम' हे 555 पानांचं पुस्तक साध्या इंग्रजीत साधारण 150 पानांत बसेल. मिल्स जरा खवचट होताच, पण इथे त्याचं बरोबर आहे. आधी मर्टन वाचा, मग दुर्खीमचा आत्महत्येवरचा अभ्यास, पार्सन्सची वेळ आली तर पाठ्यपुस्तकातल्या सारांशावर भागवा.